मिलीमीटरबाईंचा मॉनिटर

छापखान्यात तिला सगळे मिलीमीटरबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. साबणांची वेष्टनं, मलमांचे खोके, बाटल्यांवरची लेबलं यांची डिझाइनं करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलेलं. घडी कुठे पडणार, डिंकासाठी किती जागा सोडायची, यात केसभर इकडचं तिकडे झालेलं तिला खपत नसे. नवरा मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. त्याने जन्मभर शेतं आणि टेकड्या मोजल्या. तो म्हणायचा, "तुझा मिलीमीटर माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली हरवतो." संसारात काही विनोद परत परत ऐकायचेच असतात.

तर या बाईंना आताशा घटकपदार्थांची यादी दिसेनाशी झाली. खोक्याच्या मागच्या बाजूला जी मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं असतात, ती. पडद्यावर मोठी करून बघितली की अक्षरं दिसायची, पण मग खोका दिसायचा नाही. खोका दिसावा म्हणून लहान केलं की अक्षरांचा भुगा. दिवसभर हेच, मोठं कर, लहान कर. त्यात चष्मा तीन भागांचा. वरून लांबचं, खालून जवळचं, आणि मॉनिटर नेमका मधल्या पट्टीत, जी करंगळीएवढी. ती पट्टी सापडावी म्हणून हनुवटी वर करून बसायचं. संध्याकाळी मान अशी धरायची की शेजारून कोणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागे.

एवढं होऊनही तिने दिवस ढकलले असते. पण त्या आठवड्यात साबणवाल्यांचा फोन आला. त्यांच्याकडे तिचं बारा वर्षांचं काम.

"मॅडम, आपलं क्रीम रंगाचं ठरलं होतं ना?"

"क्रीमच आहे."

"हे क्रीम आहे? हे तर बर्फासारखं दिसतंय. बायको म्हणाली, हा साबण आहे की दातांचं मंजन."

"तुमच्या फोनवर बघू नका. फोनचे पडदे निळसर असतात."

"फोनवर नाही बघितलं. छापून आणलंय. समोर ठेवलंय."

तिने पुन्हा फाइल उघडली. समोर होतं ते छान, मऊ, सायीसारखं क्रीम. पण साबणवाले खोटं कशाला बोलतील? म्हणजे पडदा खोटं बोलतोय. जुना झाला, पिवळा पडला. पिवळ्या पडद्यावर पांढरंसुद्धा क्रीम दिसणारच. तिने त्याच क्षणी ठरवलं की आता नवा मॉनिटर, आणि तोही मोठा, म्हणजे अक्षरांचाही प्रश्न मिटेल.

तिने ते घरात बोलून दाखवलं, आणि सगळ्यांना शहाणपण सुचू लागलं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने फोनवरच निकाल दिला. "आई, एक मोठा घेऊ नकोस, दोन घे. एकावर काम, एकावर बाकीचं. माझ्या ऑफिसात सगळ्यांकडे दोन आहेत. काहींकडे तीन."

"तुमच्या ऑफिसात सगळ्यांची वयं काय?"

"त्याचा काय संबंध?"

नवरा तोवर टेप घेऊन टेबलापाशी ओणवा झाला होता. टेबलाची लांबी, रुंदी, खिडकीपासूनचं अंतर, खुर्चीच्या पाठीपासून भिंतीपर्यंतचं अंतर. "दोन मावणार नाहीत," तो म्हणाला. "एकच, पण भला मोठा. टीव्हीसारखा. तुला पलंगावरून पण दिसेल."

"मी पलंगावरून डिझाइन करते का हो?"

"म्हणजे उदाहरण देतोय."

दुकानदार मात्र गोड माणूस होता. त्याच्या दुकानात भिंतभर मॉनिटर मांडलेले, आणि प्रत्येकावर तोच पोपट उडत होता. तीस पोपट एकदम पंख पसरायचे. त्याने तिला एका लांबलचक, आत वळलेल्या पडद्यासमोर बसवलं. पडदा असा वळलेला, की दोन्ही टोकांनी माणसाला मिठीत घेईल. "ताई, डिझाइनवाले हल्ली हाच नेतात. दोन मॉनिटरचं काम एकात. मध्ये फट नाही. डोळ्यांना आराम."

पोपट खरंच देखणा होता. ती भुलली. आणि आवडला नाही तर पंधरवड्याच्या आत बदलून देऊ, असं दुकानदार स्वतःहून म्हणाला. हे आपण का बोललो, असं नंतर त्याला अनेकदा वाटलं असणार.

घरी आणून लावला आणि तिने पहिलं काय केलं, तर खोक्याची चौकट उघडली. चौकटीची वरची कड वाकलेली दिसली. तिने पट्टी लावली. पट्टीने सरळ, डोळ्याने वाकडी.

"पडदाच वाकडा आहे, रेघ वाकडी दिसणारच," नवरा म्हणाला. "सवय होईल."

"तुम्हाला वाकड्या टेपने शेत मोजायची सवय झाली असती?"

चार दिवस तिने कळ काढली. एका टोकाला रंगांच्या पेट्या, दुसऱ्या टोकाला फाइली. इकडून तिकडे बघताना टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान हलायची, आणि हनुवटी वर ती वरच. पण खरी गोष्ट वेगळीच होती. रिकामं पान उघडलं की ते पांढरं दिसत नव्हतं. पातळ चहा सांडून वाळल्यासारखी एक छटा त्यावर होती. तिने सेटिंगमध्ये जाऊन निळा वाढवला, पिवळा उतरवला, मग ठीक वाटलं. नवरा चहा द्यायला आला तो दारातच थांबला.

"एवढा निळा का केलास?"

"निळा कुठाय? आत्ता कुठे पांढरा झालाय."

तो काहीतरी बोलणार होता. मग कप ठेवून निघून गेला.

वाकडा मॉनिटर परत गेला. दुकानदार हसत म्हणाला, "काही हरकत नाही ताई." त्याच्या बदल्यात लेकीच्या सल्ल्याने दोन आले, मध्यम, सपाट, जुळे. नवऱ्याने टेबलाला मागून फळी जोडून जागा केली आणि ते दोन्ही बसवले. आता काम एका पडद्यावर करायचं आणि संदर्भ दुसऱ्यावर ठेवायचा. पण नेमका मध्यभागी, जिथे माणसाचं नाक असतं, तिथे दोन्हींच्या काळ्या कडा. समोर बघावं तर कडा, काम बघावं तर मान तिरकी. एक समोर आणि एक बाजूला ठेवला तर बाजूचा चष्म्याच्या काठातून सगळा पाण्याखाली गेल्यासारखा. शिवाय अक्षरं इतकी रेखीव आणि इतकी लहान, की मोठी केल्याशिवाय वाचता येईनात. म्हणजे पुन्हा मोठं कर, लहान कर. आगीतून फुफाट्यात.

"आणि हेसुद्धा पिवळेच आहेत," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

लेकीला फोनवरून पडदे दाखवले. लेक म्हणाली, "आई, मला पांढरे दिसतायत."

"तुला फोनमधून दिसतायत."

"बाबा, तुम्हाला?"

नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "मला रंगातलं काय कळतं? मी फुटपट्टीतला माणूस."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याच्या जिभेच्या टोकावर आली होती, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो बोलला असता तर भांडण तरी झालं असतं. तो बोलला नाही, म्हणून ती जास्त चिडली.

तिसऱ्या वेळी ती जुळे परत करायला दुकानात गेली ती कामाची फाइल घेऊनच. पोपट बंद करा म्हणाली. दुकानदाराने बंद केला. तिने साबणाचं वेष्टन उघडलं, मलमाचा खोका उघडला आणि एकेका मॉनिटरसमोर बसत गेली. एवढं मात्र तिला कळून चुकलं होतं, की आपल्या कामाला वळलेला नको, जुळे नकोत. सपाट हवा, नेहमीच्यापेक्षा बराच मोठा हवा, पण ठिपके दाट हवेत, नाहीतर अक्षरांना दाते दिसतात. आणि काच चकचकीत नको, खिडकी त्यात दिसते. तसा एक सापडला. अख्खा खोका उलगडून खऱ्या मापात पडद्यावर मावत होता, आणि घटकपदार्थांची यादी हनुवटी फारशी न उचलता वाचता येत होती. पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. मग तिने रिकामं पान उघडलं.

"हा पण पिवळा आहे."

दुकानदाराचं हसू आता आखडलं होतं. "ताई, हा पिवळा नाही हो. रंगाच्या कामासाठीच असतो हा. कारखान्यातून तपासून येतो."

"मी रंगांचंच काम करते. मला पिवळा दिसतोय."

त्याने प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि पडद्याशेजारी धरला. "बघा. आहे का फरक?"

ती म्हणाली, "कागद पण जुना आहे तुमचा."

दुकानदाराने नवीन गठ्ठा फोडला. वरचा कागद काढून धरला.

"हा बरा आहे, पण हासुद्धा पांढराशुभ्र नाही. हल्ली कागदच तसे येतात."

दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक होतं, ते पुढे येऊन बघायला लागलं. दुकानदार कागद धरून तसाच उभा राहिला. नवरा शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "अगं, कागद पांढरा आहे."

"तुम्हाला रंगातलं काही कळत नाही ना? तुम्हीच म्हणालात."

"एवढं कळतं."

ती फाइल बंद करून उठली. मॉनिटर घेतला, कारण अक्षरं दिसत होती आणि आता आणखी फिरायचं त्राण नव्हतं. पण गाडीत बसल्यावर तिने दार धाडकन लावलं. जगात सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि ते तिच्या विरुद्ध होतं. साबणवाले, लेक, दुकानदार, आणि आता घरचा माणूस. तिच्या धंद्यात रंगांच्या बाबतीत तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता. छापखानेवाला तिला विचारल्याशिवाय लाल शाईत थेंब टाकत नसे.

घरी नवऱ्याने मॉनिटर लावून दिला आणि तो शहाण्यासारखा बाहेर फिरायला गेला. ती एकटीच कोरं पान उघडून बसली, नुसती त्याच्याकडे टक लावून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचं की ताणाचं कोण जाणे. तिने चष्मा काढला आणि उजवा डोळा तळहाताने चोळता चोळता झाकला.

पान पांढरं झालं.

तिला वाटलं, मॉनिटर आपोआप बदलला. हात काढला. पान पुन्हा चहासारखं. हात ठेवला. पांढरं. मग डावा डोळा झाकला, आणि समोर जे दिसलं त्याने ती मागे टेकली. पान तर पिवळं होतंच, पण टेबलावरचा कागद पिवळा, खिडकीतला उजेड पिवळा, तिचा स्वतःचा हात जुन्या फोटोतल्यासारखा. त्यावर धुक्याचा एक पातळ पडदा. दोन्ही डोळे उघडले की हे सगळं मिसळून एक बऱ्यापैकी जग तयार होत होतं, आणि त्या जगात ती गेली दोनेक वर्षं रंग ठरवत होती.

नवरा परत आला तेव्हा ती तशीच, एका डोळ्यावर हात ठेवून बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही. मॉनिटर चांगला आहे."

डोळ्यांच्या डॉक्टर तिच्याहून लहान, पण बोलायला खणखणीत. तपासणी झाल्यावर त्यांनी स्टूल मागे सरकवलं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चांगला पिकत आलाय. डाव्यात नुकती सुरुवात आहे."

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो."

"तुम्हाला झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "यात डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. इतकी हळूहळू, की माणसाला पत्ता लागत नाही. बहुतेकांना रंगांमुळे काही अडत नाही, म्हणून ते येतातही उशिरा. तुम्ही डोळे शेवटचे कधी तपासून घेतलेत?"

"दर वर्षी चष्म्याचा नंबर काढते. दुकानात, यंत्रावर."

"नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नाही."

हे वाक्य तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. छापलेला खोका चार बाजूंनी तपासल्याशिवाय ज्या बाईने कधी पुढे जाऊ दिला नव्हता, तिने स्वतःचे डोळे मात्र गल्लीतल्या यंत्रावर सोडून दिले होते. बाहेर आल्यावर तिने नवऱ्यावर राग काढला, गाडी लांब का लावली म्हणून. तो निमूटपणे गाडी आणायला गेला.

ऑपरेशन झालं. ते फारसं सांगण्यासारखं नाही. एक प्रखर दिवा, भुलीचे थेंब आणि डॉक्टरांचा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि तिने पहिल्यांदा बघितली ती नर्सची बाही. ती इतकी पांढरी होती की जवळजवळ निळी वाटली. ती बघतच राहिली. नर्सने विचारलं, "आजी, दिसतंय ना?" आजी म्हटल्याचंसुद्धा तिला काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. मॉनिटरसाठी वेगळा चष्मा करा, फक्त हाताच्या अंतराचा. अख्खी काच त्याच नंबराची, म्हणजे पट्टी शोधत हनुवटी उचलायला नको. नवऱ्याने तिच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चष्मेवाल्याने ते बघितलं आणि म्हणाला, इतकं नेमकं आजवर कोणी आणून दिलं नव्हतं. त्या दिवशी नवरा घरभर ऐटीत वावरला.

टेबलावर आता एकच मोठा सपाट पडदा समोर, आणि जुना मॉनिटर बाजूला उभा, पान वाचावं तसा. त्यावर फक्त मजकूर. जुना मॉनिटर बिचारा पिवळा नव्हताच. मोठ्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली, खिडकीला पाठ न करता कडेने बसली, आणि मान सुटली. काम व्हायला लागलं. इतका साधा मामला होता, आणि त्यापायी तिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. ती दुकानात जाऊन दुकानदाराला म्हणाली, "कागद पांढराच होता तुमचा. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता."

दुकानदार म्हणाला, "माझे वडील भाजीवाल्याशी भांडायचे, कोथिंबीर शिळी म्हणून. नंतर त्यांचंही हेच निघालं."

साबणवाल्यांकडे मात्र एवढ्यावर भागलं नाही. तिने फोन करून सगळं खरं सांगितलं आणि नवं क्रीम पाठवते म्हणाली. ते तब्येतीची चौकशी करून म्हणाले, "मॅडम, ते काम आम्ही दुसऱ्यांकडे दिलं हो. वेळ नव्हता." बारा वर्षांचं काम असं दोन वाक्यांत गेलं. तिने फोन ठेवला आणि दिवसभर मलमाच्या खोक्यावर काम केलं. रंगांकडे बघताना मध्येच हात थांबे. जुन्या फाइली उघडून बघाव्यात असं वाटे, आणि भीतीही वाटे. शेवटी तिने त्या उघडल्या. काही ठीक होत्या. काही थंडगार, निळसर, जणू कोणा परक्याने केलेल्या.

त्या संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. ऑपरेशनपासून थेंब टाकणं आणि विश्रांती यात ती जास्त आतच असायची. दिवा लावला आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. दीड वर्षापूर्वी रंग दिला होता. रंगाच्या दुकानातल्या पट्ट्यांमधून तिनेच निवडलेला, लोण्याचा रंग म्हणून. ती भिंत लोण्याची नव्हती. ती फिकट निळसर होती, फ्रीजच्या आतल्या बाजूसारखी.

"अहो," ती म्हणाली, "ही भिंत पहिल्यापासून अशीच आहे?"

नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. "हो."

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत? दीड वर्ष इथे बसून चहा पितोय आपण."

"तू म्हणालीस लोण्याचा आहे. रंगारी म्हणाला, बाईसाहेबांना कळतं. लेक आली होती, तीही म्हणाली की बाबा, जरा गार वाटतो ना रंग, पण आईने निवडलाय म्हणजे काहीतरी असेल." त्याने आता पेपर खाली ठेवला. "रंगात तू चुकशील, असं कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्या तर नाहीच. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तिला त्याचा भयंकर राग आला. माणूस चुकतोय हे समोर दिसत असताना गप्प बसायचं, वर त्यालाच आदर समजायचं. त्या आदरापायी तिचं एक गिऱ्हाईक गेलं होतं, आणि डोळा जायचा राहिला होता. ती तसं म्हणालीही, बऱ्याच मोठ्या आवाजात.

"यापुढे बोलायचं," ती म्हणाली. "मला काहीही वाटलं तरी."

"बरं."

"बरं नाही. आत्ता बोला. काही असेल तर."

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "तुझी ती हिरवी साडी हिरवी नाही. निळी आहे. आणि खिडकीचे पडदे मला पहिल्यापासून आवडले नाहीत."

"पडद्यांचा रंग बरोबर आहे."

"रंग बरोबर आहे. पडदे आवडले नाहीत."

ती उठून खिडकीपाशी गेली, पडदा हातात धरून नव्या डोळ्याने बघितला, मग जुन्याने. रंगाऱ्याला उद्याच बोलवा म्हणाली, आणि पट्ट्या निवडायला या वेळी तुम्हीही यायचं. तो म्हणाला, येतो, पण टेप घेऊन येईन. ती म्हणाली, रंगाला टेप कशाला लागते. तो म्हणाला, भिंत मोजायला, मागच्या वेळी रंगाऱ्याने दोन डबे जास्त आणले होते, तेही मी बोललो नव्हतो.